प्रलयाचा धंदा

दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. 1910 च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि ख्रिस्त डोळ्यांपुढून जात असताना त्यांना मनात राम-कृष्ण दिसू लागले. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. 3 मे 1913 रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. चार वर्षांनी ‘लंकादहन’ आला, तेव्हा पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक हात जोडू लागले. आपल्या चित्रपटाच्या मुळाशी धार्मिक चित्रपट आहे, आणि तोही दुसऱ्या धर्माचा चित्रपट पाहून सुचलेला. पडद्यावरच्या देवाला माणूस किती चटकन मन देतो, हे नाशिककराला वेगळे सांगायला नको. बायबलमधल्या भविष्यवाणीच्या नावाने निघालेले ‘अंतसमया’चे थरारपट आता कोणाच्याही मोबाइलवर येऊन पोचतात. त्यांच्याविषयी नाशिकने बोलले पाहिजे असे मला वाटते ते याच कारणाने.

1972 साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ‘अ थीफ इन द नाइट’ नावाचा कमी खर्चातला चित्रपट तयार झाला. एक तरुणी सकाळी उठते. नवरा घरात नाही. त्याचा विजेवरचा वस्तरा बेसिनमध्ये चालूच पडला आहे. रेडिओवर बातमी लागते की जगभरातली असंख्य माणसे एका क्षणात नाहीशी झाली. खरे विश्वासणारे स्वर्गात उचलले गेले आणि ती मागे राहिली. हा चित्रपट थिएटरांपेक्षा चर्चच्या सभागृहांत आणि तरुणांच्या शिबिरांत दाखवला गेला. त्याच्या पुढच्या भागात, ‘अ डिस्टंट थंडर’मध्ये, बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकातली ‘श्वापदाची खूण’ नाकारणाऱ्यांसाठी गिलोटिन उभे केले आहे. पुढे 1995 पासून ‘लेफ्ट बिहाइंड’ ही कादंबरीमाला निघाली, तिच्या कोट्यवधी प्रती खपल्या. तिच्यावर 2000 मध्ये एक चित्रपट आला आणि 2014 मध्ये निकोलस केजला घेऊन पुन्हा दुसरा.

त्या पहिल्या चित्रपटाच्या काळात लहान असलेल्या कितीतरी अमेरिकनांनी मोठेपणी एकच आठवण सांगितली आहे. शाळेतून घरी आलो, आई दिसली नाही, की काळजात धस्स व्हायचे. आईला देवाने नेले आणि मी राहिलो.

माझा पहिला आक्षेप इथे आहे. भुताचा चित्रपट संपला की आई मुलाला जवळ घेऊन सांगते, बाळा, हे खोटे आहे. इथे मुलाच्या विश्वासातली माणसेच त्याला सांगतात की हे खरे आहे, आज रात्रीसुद्धा घडेल, आणि सुटायचे असेल तर आत्ताच गुडघे टेक. भेदरलेल्या मुलाने टेकलेल्या गुडघ्यांना मी श्रद्धा म्हणणार नाही. श्रद्धेला नकार देण्याची मोकळीक असावी लागते. ती मोकळीक काढून घेऊन मिळवलेला होकार देवालाही नको असेल.

हे वाचून हिंदू वाचकाने दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवू नये. फेब्रुवारी 1962 मध्ये आठ ग्रह एका राशीत आले, तेव्हा अष्टग्रहीच्या भीतीने देशभर यज्ञ झाले, तूप जळले, लोकांनी प्रवास रद्द केले. ग्रह आपल्या वाटेने गेले. 10 सप्टेंबर 2008 रोजी जिनिव्हाजवळ शास्त्रज्ञांनी कणांची टक्कर घडवणारे यंत्र सुरू केले. त्याआधी आपल्या वृत्तवाहिन्या दिवसरात्र पृथ्वी गिळली जाण्याच्या गोष्टी सांगत होत्या. मध्य प्रदेशातल्या एका शाळकरी मुलीने त्या धास्तीने जीव दिला, असे तिच्या वडिलांनी सांगितले. 2024 मध्ये ‘कल्की 2898 एडी’ने कलियुगाचा शेवट भव्य पडद्यावर मांडला. आणि कुंडलीतल्या कालसर्पाची धास्ती घेऊन शांतीसाठी त्र्यंबकेश्वरला येणाऱ्या कुटुंबांना कर्ज काढावे लागते की नाही, हे त्या कुटुंबांनाच विचारावे. धर्म कोणताही असो, भीतीची दुकाने सगळ्यांच्या अंगणात आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्यभर हेच सांगितले आणि त्यासाठी जीव गमावला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘लेफ्ट बिहाइंड’मधला ख्रिस्तविरोधक, म्हणजे कथेतला खलनायक, कोण, ते पाहा. तो संयुक्त राष्ट्रसंघाचा सरचिटणीस होतो. तो शांततेची भाषा करतो, देशांनी शस्त्रे टाकावीत म्हणतो, जगाला एकत्र आणायला निघतो. ‘द ओमेगा कोड’ या अशाच चित्रपटातला खलनायकही जगाला शांतता देऊ करणारा बडा माध्यमसम्राट आहे. असे चित्रपट एकामागून एक पाहणाऱ्याच्या मनात काय रुजेल? करार करणारा माणूस संशयित, तहाची बोलणी म्हणजे सैतानाचा सापळा, आणि पश्चिम आशियातले युद्ध म्हणजे भविष्यवाणी पुरी होत असल्याची सुवार्ता. तिथे मरणारी लेकरे मग कोणाला दिसतच नाहीत, ती कथेतल्या गर्दीत जमा होतात. आपण उचलले जाणार असल्याच्या खात्रीने दुसऱ्याच्या विनाशाची वाट पाहायला शिकवणे, याहून मोठी अनीती धर्माच्या नावाने क्वचितच झाली असेल.

या चित्रपटांचा पडसाद पडद्याबाहेरही उमटतो. करोनाच्या काळात लस म्हणजे श्वापदाची खूण, 666, असा प्रचार जगभर फिरला. लस टोचायची की नाही हा जगण्यामरण्याचा निर्णय, आणि तो काही जण अशा चित्रांवरून घेऊ लागले. मिझोराममध्ये काही ख्रिस्ती लोकांनी याच खुणेच्या शंकेने आधार क्रमांक घेण्यास नकार दिला. त्यांच्या विवेकबुद्धीचा मी आदर करतो. नागरिकाने सरकारला ‘नाही’ म्हणणे हा त्याचा हक्कच आहे. पण तो ‘नाही’ विचारातून यावा.

शेवटाच्या तारखाही कमी दिल्या गेल्या नाहीत. विल्यम मिलरच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 धरली. कॅलिफोर्नियातल्या हॅरॉल्ड कॅम्पिंगने 21 मे 2011 जाहीर केली, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांनी आयुष्याची पुंजी जाहिरात फलकांवर घातली. पुढच्या वर्षी त्याने तारीख सांगणे हे पाप होते अशी कबुली दिली. तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, हे मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूच सांगतो. त्याच्याच नावाने तारखा वाटल्या गेल्या. आणि विश्वासणाऱ्यांना संकटाआधी गुपचूप उचलून नेण्याची जी कल्पना या चित्रपटांचा कणा आहे, ती या रूपात जॉन नेल्सन डार्बीने 1830 च्या दशकात मांडली. जुन्या मंडळ्या, कॅथलिक असोत, ऑर्थोडॉक्स असोत वा अँग्लिकन, ती शिकवत नाहीत.

मग प्रकटीकरणाच्या पुस्तकात आहे तरी काय? रोमन साम्राज्याच्या टाचेखाली असलेल्या, आशिया मायनरमधल्या सात लहान मंडळ्यांसाठी पात्म बेटावरून लिहिलेले ते पुस्तक आहे. त्यातले श्वापद म्हणजे सम्राटाची सत्ता, बाबेल म्हणजे रोम, हे त्या वाचकांना कळत होते. दिवसभराच्या मजुरीत शेरभर गहू येतो, अशी महागाईची तक्रारही त्यात आहे. अठराव्या अध्यायात बाबेलच्या व्यापाऱ्यांच्या मालाची यादी येते. सोने, मोती, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, द्राक्षारस, गहू, गुरे, घोडे, आणि सगळ्यात शेवटी माणसांची शरीरे आणि जीव. त्या साम्राज्याच्या वखारीत माणूसही विकाऊ होता, म्हणून त्याचा न्याय होतो. थरारपटांनी 666 उचलला, ही यादी मात्र बाजूलाच राहिली.

नाशिकला ही यादी परकी वाटू नये. 1850 च्या दशकात रेव्हरंड प्राइस यांनी गावाबाहेर शरणपूरची ख्रिस्ती वसाहत उभी केली. अरबी समुद्रात इंग्रजी आरमाराने गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले तिथे आणली जात. ती मुले सुतारकाम, लोहारकाम शिकली, शाळेत शिकली. 1865 मध्ये आफ्रिकेत शोधमोहिमा काढणारा डेव्हिड लिव्हिंगस्टन नाशिकला आला आणि त्याच्या मोहिमेसाठी तिथली नऊ मुले निवडली गेली. मे 1873 मध्ये आजच्या झांबियात तो वारला तेव्हा नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट जवळ होता. झाडाच्या खोडावर लिव्हिंगस्टनचे नाव त्यानेच कोरले. सोबत्यांनी ते शव महिनोन्महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेले. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटी धरणाऱ्यांत वेनराइट होता. पुढे मोंबासाजवळ प्राइस यांनी मुक्त गुलामांचे फ्रीरटाउन वसवले, त्याच्या उभारणीत नाशिकहून गेलेल्या आफ्रिकी माणसांचे हात होते. मिशनऱ्यांच्या आणि साम्राज्याच्या नात्यातले दोष मला माहीत आहेत, ते झाकू नयेत. पण बाबेलच्या मालाच्या यादीतून माणसाचे नाव खोडण्याचे काम या शरणपुरात प्रत्यक्ष झाले. आज शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे?

मराठी ख्रिस्ती परंपरेचा सूरही भीतीचा नव्हता. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक संतांची वाट सोडून ख्रिस्ताकडे गेले नाहीत, तुकोबांचे बोट धरूनच गेले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या पत्नी, नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंनी पुरे केले. नवऱ्याचे धर्मांतर, विरह आणि समाजाचा बहिष्कार सोसलेल्या या बाईने धर्म समजून घेतला तो प्रेमाने आणि प्रश्न विचारून. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला दर फेब्रुवारीत सगळ्या धर्मांची माणसे येतात. त्यांना कोणी प्रलयाची धमकी देऊन बोलावलेले नसते.

चित्रपटांवर बंदी घाला असे मी म्हणत नाही. बंदीने त्यांचे आकर्षण वाढेल आणि पुढची बंदी आपल्यावर येईल. मला हवे आहे ते कष्टाचे काम आहे. पाळकांनी, संडे स्कूलच्या शिक्षकांनी प्रकटीकरण टाळू नये, ते अठराव्या अध्यायासह शिकवावे. ते शिकवताना शरणपूरचा इतिहास आणि वीटभट्ट्यांवर, ऊसतोडीत आजही उचल घेऊन अडकलेल्या मजुरांची स्थिती मुलांपुढे मांडावी. कॅमेरा हाती असलेल्या नाशिकच्या तरुणांनी वेनराइटची गोष्ट पडद्यावर आणावी. त्यात थरारही आहे आणि तो खोटा नाही. घरच्यांनी मुलांच्या मोबाइलवर असा चित्रपट दिसला तर तो हिसकावून न घेता सोबत बसून पाहावा, आणि संपल्यावर मुलाला काय वाटले ते विचारावे. त्याने “मी मागे राहीन का?” असे विचारले, तर उत्तर देण्याआधी त्याला जवळ घ्यावे. उपदेश त्यानंतर, आणि तोही मुलाने मागितला तरच.