नाव देणे आणि नावे ठेवणे



उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वर सारे प्राणी आदामाकडे आणतो आणि आदाम प्रत्येकाला नाव देतो. नाव द्यायचे तर आधी त्या प्राण्याकडे नीट पाहावे लागते. आपण मात्र घरातल्या मुक्या जिवाला हौसेने नाव देतो आणि मग वर्षभर नावे ठेवतो : कुत्रा कुंडी उकरतो, मांजर सोफा फाडते.

संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, प्रत्येक जिवाचा नैसर्गिक ओढा निर्माणकर्त्याकडूनच आलेला आहे. पापासाठी समजून-उमजून केलेली निवड लागते. ती कुत्र्या-मांजरांकडे नसते. त्यांच्या खोडीमागे बहुधा गरज असते.

सोलापूरचा उन्हाळाच घ्या. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. आपल्याला अंगभर घाम येतो, कुत्र्याला तो मुख्यतः पंजांना. म्हणून तो जीभ काढून धापा टाकतो आणि गारव्यासाठी माती उकरतो. पत्र्याखाली साखळीने बांधलेल्या कुत्र्याने काय करावे? त्याला सावली आणि भरपूर पाणी द्या. पहाटे किंवा ऊन उतरल्यावर फिरवा आणि वाटेत मनसोक्त हुंगू द्या. त्याला जगाची ओळख नाकानेच होते. मांजर नखांवरचे जुने कवच काढण्यासाठी आणि आपला वास ठेवण्यासाठी ओरबाडते. तिला काथ्या गुंडाळलेला खुंट द्या. पोपट तर थव्यात राहणारा पक्षी. आपल्याकडचा रानपोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

समजून न घेता नावे ठेवली की पुढे कंटाळा येतो आणि एके दिवशी तो जीव गावाबाहेर सोडला जातो. घरच्या अन्नावर वाढलेला तो तिथे उपाशी भटकतो. पाळीव जनावराला असे उपाशी-तहानलेले टाकून देणे हाही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात नीतिमान माणसाची एक खूण त्याच्या जनावरावरून सांगितली आहे. तिथे 'काळजी घेणे' यासाठी आलेल्या मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ आहे 'जाणणे'. जाणून घेतल्यावाचून काळजी घेता येत नाही. आपण खाऊ घालतो, कुरवाळतो. पण त्याला काय हवे आहे, हे पाहतो का?

या आठवड्यात मुलांना एवढेच शिकवू या : काठी उचलण्याआधी विचारावे, "हा असे का करतो आहे?" मुक्या जिवाचे ऐकण्याची सवय लागली, तर घरातल्या अबोल आजी-आजोबांचेही आपल्याला ऐकू येऊ लागेल.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू