राखण कोणासाठी?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या परसातल्या फणसाखाली एक घुबड मरून पडलेले सापडले. गव्हाणी घुबड, पांढऱ्या बदामी तोंडाचे. अंगावर जखम नव्हती. घरातले कोणी काही बोलले नाही, कारण आदल्या आठवड्यात पडवीत उंदरांसाठी विषाच्या वड्या आम्हीच ठेवल्या होत्या. त्या वड्या खाऊन उंदीर लगेच मरत नाही. त्याचे रक्त गोठेनासे होते आणि काही दिवस तो मलूल होऊन फिरत राहतो. असा संथ उंदीर पकडणे घुबडाला फार सोपे. घुबड त्यानेच मेले, असे शपथेवर आम्ही सांगू शकत नाही. पण तेव्हापासून एक प्रश्न आमची पाठ सोडत नाही. आपल्या अंगणात शांतता नांदावी म्हणून आपण काय काय मारत असतो?

बंधू-भगिनींनो, आपण वसईची माणसे वाडीत वाढलो. केळी, पानवेल, चिकू, मोगरा आणि बावखलातले बेडूक हे आपले शेजारीच होते. आता बहुतेकांकडे वाडी उरली नाही. उरला तो घरामागचा एखादा गुंठा. तोही आपण लाद्या घालून, कडेला शोभेच्या कुंड्या मांडून ‘नीटनेटका’ करतो. पान पडले की उचलायचे, किडा दिसला की फवारायचे. अशा अंगणात आवाज नसतो हे खरे. पण आवाज नसणे म्हणजेच शांतता असती, तर दफनभूमीला आपण बाग म्हटले असते.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला एदेन बागेत ठेवतो आणि दोन कामे सांगतो: तिची मशागत करायची आणि तिची राखण करायची. मशागत आपल्याला कळते. राखण मात्र आपण बहुधा चुकीची समजतो. पाखरांपासून राखण, वटवाघळांपासून राखण, म्हणजे कोणालातरी बाहेर ठेवणे. पण मूळ हिब्रूत जे क्रियापद तिथे आहे, तेच पुढे चौथ्या अध्यायात काईनाच्या तोंडी येते, जेव्हा भावाची राखण करणारा मी आहे काय, असे तो देवालाच उलट विचारतो. तिथे भावापासून स्वतःला राखण्याचा प्रश्न नाही, भावाला राखण्याचा आहे. मग बागेची राखणही तिथे जे जगते त्याच्यासाठीच असणार.

असे म्हणणे सोपे, याची आम्हाला जाणीव आहे. ज्याच्या हातातोंडाशी आलेले पीक जाते, त्याला उपदेश करू नये. आपल्या देशाच्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यातही उपद्रवी प्राण्यांची एक वेगळी यादी होती. उंदीर, कावळा आणि फळे खाणारी वटवाघळे तीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती कायमची यादी काढून टाकली. कायद्याला इतकी वर्षे लागली, तर आमच्यासारख्यांना दोन पावसाळे लागले यात नवल नाही.

असिसीच्या संत फ्रान्सिसचे चरित्र लिहिणारे चेलानोचे थॉमस एक लहानशी गोष्ट नोंदवतात. मठाची बाग पाहणाऱ्या बंधूला फ्रान्सिसने बजावले होते की सगळ्या जमिनीत भाजीपाला लावू नको. एक भाग मोकळा सोड, म्हणजे रानफुले आणि रानगवत आपापल्या वेळी उगवतील. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हीच गोष्ट आठवण म्हणून दिली. आम्हाला यात आवडते ते हे की फ्रान्सिसने भाजी लावू नका असे म्हटले नाही. मठातल्या माणसांना जेवायचे होतेच. त्याने फक्त एक तुकडा सोडायला सांगितला.

आम्हीही विहिरीमागचा कोपरा सोडला. पालापाचोळा तिथे लोटतो, जाळत नाही. कढीलिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या येतात. पूर्वी त्यांवर औषध मारायचो. त्यांची फुलपाखरे होतात हे कळल्यावर झाडाची एक बाजू त्यांना दिली. लिंबाच्या झाडावर अशाच अळ्या दिसतात; महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरवलेले राणी पाखरूही लिंबाच्या जातीच्या झाडांवरच अंडी घालते. चिकूवरची नायलॉनची जाळी काढली, कारण तीत बुलबुल अडकून मेला होता. चिकू आपण तसाही कच्चा उतरवून घरात पिकवतो, वटवाघळे येतात ती झाडावर पिकलेल्या फळांसाठी. म्हणून हाताला लागतात ते वेळेवर काढायचे आणि शेंड्यावरचे सोडायचे. टोपली थोडी हलकी भरते. भरू द्या.

खरी कसोटी लागली ती मे महिन्यात, विहिरीच्या कठड्याजवळ चांगली लांब धामण दिसली तेव्हा. घरात चार वर्षांचे मूल आहे. धामण बिनविषारी, उंदीर खाणारी, कायद्याने संरक्षित, हे सगळे आम्ही जाणतो; पण आपल्या भागात नाग, घोणस आणि मण्यारही आहेत, आणि संध्याकाळच्या उजेडात कोण काय ते ओळखायला आईचे काळीज थांबत नाही. भिणे हे पाप नव्हे. भीतीपोटी काठी उचलण्याआधी काय करता आले असते, हे मात्र स्वतःला विचारावे लागते. आम्ही दाराजवळचे गवत कापले, भिंतीला लागून रचलेल्या विटा आणि लाकडे हलवली, पडवीत दिवा लावला. घरात साप शिरलाच तर सर्पमित्राला बोलवायचे ठरले. कोपरा धामणीचा, पडवी मुलाची. धामणीला ही वाटणी कळवता आलेली नाही.

शेजारच्या काकूंची तक्रार होती की आमच्या रानामुळे डास वाढले. तपासले, तेव्हा अळ्या निघाल्या त्या पुढच्या स्वच्छ लादीवर, कुंड्यांखालच्या बश्यांमध्ये. डेंग्यूच्या डासाला असेच साचलेले स्वच्छ पाणी लागते. बश्या काढल्या, पाखरांसाठी ठेवलेले पाणीही आता रोज बदलतो. काकूंचे समाधान अर्धेच झाले आहे.

घुबड अजून परत आलेले नाही. विषाच्या वड्या आम्ही बंद केल्या आणि उंदरांसाठी पिंजरा आणला. पिंजऱ्यात सापडलेल्या उंदराचे पुढे काय करायचे, यावर मात्र घरात अद्याप एकमत नाही.