अवजाराची जागा

वर्कशॉपमध्ये कोणाचं बोट कापलं की आधी विचारलं जातं, लक्ष कुठे होतं? अवजार कुठे ठेवलेलं होतं, हे सहसा कोणी विचारत नाही. मला हा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

ट्रॅक सॉचंच बघा. ॲल्युमिनियमच्या लांब रेलवरून सरकत जाणारी ही विजेची गोल करवत. अशी रेल जर्मनीच्या फेस्टो कंपनीने १९६२ मध्ये आणली. तिचा अवजारांचा व्यवसाय आज फेस्टूल या नावाने ओळखला जातो. आठ बाय चारची प्लाय एकट्याने टेबल सॉवर ढकलत नेणं अवघड आणि धोक्याचंही. इथे प्लाय जागेवर राहते, करवत तिच्यावरून फिरते. पातं आवरणात, काप सरळ.

पण त्यासाठी ती बाहेर निघायला हवी. करवत पेटीत येते आणि साइटवर न्यायला ती पेटी उत्तमच. वर्कशॉपमध्ये मात्र तिच्यावर आणखी चार पेट्या चढतात आणि रेल कपाटामागे जाते. मग फूटभराचा काप घ्यायचा असला की मिस्त्री म्हणतो, "एवढ्यासाठी कोण काढत बसणार?" साधी करवत उचलतो आणि पेन्सिलीच्या रेघेवरून नुसत्या हाताने चालवतो. याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे. दिवसभर वजनं उचलणारं शरीर श्रम वाचवणारच.

अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ यांनी गवंड्यांच्या हालचाली तपासल्या, तेव्हा हेच दिसलं होतं. एकेका विटेसाठी माणूस जमिनीपर्यंत वाकत होता. त्यांनी विटा हाताच्या उंचीवर आणल्या, नको त्या हालचाली काढल्या आणि एक वीट रचायला लागणाऱ्या अठरा हालचाली पाचावर आल्या. बदलली ती मांडणी. गवंडी तेच होते. जमिनीवर बसून काम करणारा आपल्याकडचा सुतारही पटाशी, रंधा, गुण्या हाताच्या टप्प्यातच मांडून बसतो. विजेची अवजारं आली आणि ही सवय पेट्यांत बंद झाली.

करवतीची सोय सोपी आहे. काप संपला की पातं स्प्रिंगने आवरणात वर जातं, त्यामुळे ती सपाट फळीवर नीट बसते. फळी कमरेच्या वर, खांद्याच्या खाली हवी. साडेचार किलोच्या आसपासचं यंत्र डोक्यावरून उतरवायला लावू नये. प्लग काढलेला असावा, भुसा ओढणारा व्हॅक्यूम शेजारी असावा.

रेल मात्र नाजूक. तिच्या कडेला पातळ रबरी पट्टी असते. पहिल्याच कापात पातं ही पट्टी आपल्या रेषेत छाटून घेतं, म्हणून पट्टीची कड हीच कापाची रेघ ठरते. कड खुणेला लावायची आणि कापायचं. मधलं अंतर मोजावं लागत नाही. हीच रेल पट्टीच्या कडेवर कोपऱ्यात टेकवून ठेवली तर पट्टी मुडपते. मग काप खुणेवर येईल याचा भरवसा राहत नाही, लॅमिनेटची कडही फुटू लागते. चौदाशे मिलिमीटरची रेल टोकाला भोक पाडून खुंटीवर उभी टांगता येते. तीन मीटरच्या रेलला बहुतेक वर्कशॉपचं छत पुरत नाही. ती तीन-चार ब्रॅकेटवर आडवी, पट्टीची बाजू मोकळी राहील अशी ठेवावी. आणि हे सगळं प्लाय जिथे कापली जाते तिथेच असावं, दुसऱ्या खोलीत नव्हे.

जागा नाही, ही मालकांची सबब मला पटत नाही. फरशीवर जागा नसेल, भिंत तर असते! खंडेनवमीला आपण अवजारं पुसून त्यांना हळदकुंकू वाहतो. यंदा पूजा मांडण्याआधी करवतीसाठी एक फळी आणि रेलसाठी एक खुंटी ठोका. कुठे ठोकायची, हे मात्र रोज काप घेणाऱ्या मिस्त्रीला विचारा.