सम्यक आजीविका : नोकरी गेल्यावर दारूचे दुकान चालवावे काय?



आज मी आपल्यापुढे एक असा प्रश्न मांडणार आहे, जो विहारात उठून कोणी विचारीत नाही. पण वंदना आटोपून माणसे चपला शोधू लागली की तो हळूच कानाशी येतो. "गुरुजी, कंपनी बंद पडली. हिशेबाचे पैसे हाती आले आहेत. नाक्यावरचे परमिट रूम चालवायला मिळत आहे. मी स्वतः थेंबालाही शिवत नाही. मग घ्यायला काय हरकत आहे?"

हा प्रश्न विचारणारा मनुष्य वाईट नसतो. वीस-वीस वर्षे यंत्रापुढे उभा राहिलेला, मुलांच्या फीच्या आणि घराच्या हप्त्याच्या काळजीने रात्र रात्र न झोपलेला तो गृहस्थ असतो. नवी नोकरी मागायला जावे, तर रांगेत पुढे निम्म्या वयाची मुले उभी. अशा माणसाला "हे पाप आहे" एवढेच सांगून वाटेला लावणे हा बुद्धाचा मार्ग नव्हे. भगवंतांचा धम्म 'ये आणि पाहा' असे म्हणणारा आहे. तेव्हा आपण मिळून पाहू.

पहिली गोष्ट ही की, नोकरी जाणे हा कलंक नाही. लाभ आणि अलाभ, यश आणि अपयश, निंदा आणि स्तुती, सुख आणि दुःख या आठ लोकधर्मांतून कोणीही सुटत नाही, असे तथागतांनी सांगितले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतले कितीतरी पुन्हा गिरणीची पायरी चढले नाहीत. त्यांच्या हातांत काय कसब नव्हते? कारखाना बंद होतो तो मालकाच्या हिशेबाने, बाजाराच्या फेऱ्याने, सरकारच्या धोरणाने. तुमच्या पूर्वजन्मीच्या कोणत्याही कर्माचा त्याच्याशी संबंध नाही. असल्या समजुती आपण दीक्षेच्या दिवशीच मागे टाकल्या आहेत. जेतवन दान देणाऱ्या अनाथपिंडिकावरही गरिबीचे दिवस आले होते, असे अट्ठकथा सांगते. त्याने आपला धम्म त्या दिवसांतही सोडला नाही.

दुसरी गोष्ट. धम्म संसारी माणसाला पैसा मिळवू नको असे म्हणत नाही. दीघजाणु नावाचा कोलिय गृहस्थ भगवंतांकडे आला आणि म्हणाला की, आम्ही बायकामुलांत राहणारी माणसे, आम्हांला आमच्या उपयोगाचे सांगा. भगवंतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या : उद्योगात कुशल व्हावे, मिळवलेले नीट राखावे, चांगल्या माणसांची संगत धरावी आणि मिळकत पाहून खर्च करावा. पुढे त्यांनी तळ्याचा दृष्टांत दिला. तळ्यात पाणी येण्याच्या चार वाटा असतात, बाहेर जाण्याच्याही चार. संपत्ती वाहून नेणाऱ्या चार वाटा कोणत्या? बाईबाजी, दारू, जुगार आणि वाईट संगत.

आता, बंधूंनो, हा दृष्टांत घेऊन त्या परमिट रूमकडे पाहा. दुकान चालवणाऱ्याच्या तळ्यात जे पाणी येते, ते कोठून येते? दुसऱ्या घरच्या तळ्याच्या फुटलेल्या बांधातून येते. पिठाच्या गिरणीवाल्याचा धंदा वाढला तर शेजाऱ्याच्या घरात भाकरी जास्त झाली, असा त्याचा अर्थ होतो. दारूच्या दुकानाचा गल्ला वाढला तर शेजाऱ्याच्या घरात काय जास्त झाले? दुकानदाराचा ज्या दिवशी चांगला धंदा होतो, तो दिवस दहा घरांना वाईट जातो. म्हणूनच अंगुत्तर निकायात भगवंतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले : शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. पिऊ नये हे पंचशीलातले पाचवे शील झाले. विकू नये हे अष्टांगिक मार्गातल्या सम्यक आजीविकेत येते. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, विकण्याचे नाव नाही, अशी पळवाट काही जण काढतात. त्यांनी सगळ्या प्रतिज्ञा वाचाव्यात. त्याच प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्गाचे अनुसरण करण्याची प्रतिज्ञाही आहे. स्वतः न पिता दुसऱ्याला पाजणारा मनुष्य शुद्धीवर राहून दुसऱ्याची शुद्ध विकत असतो.

आणि हा दुसरा कोण? जरा डोळे मिटून त्या दुकानातील बाकांवरची माणसे पाहा. तुमच्याच खात्यातला, तुमच्याच दिवशी कमी केलेला तो जोडीदार तेथे बसला आहे. त्यालाही हिशेबाचे पैसे मिळाले आहेत. त्यालाही झोप येत नाही. तुम्ही उद्योग शोधलात, त्याने बाटली शोधली. त्याची वीस वर्षांची मेहनत पेल्यापेल्याने तुमच्या गल्ल्यात पडणार आणि तुम्ही त्याला जयभीम घालून सुटे पैसे परत देणार.

मी शाळामास्तर आहे. पहिल्या तासाला बाकावर डोके टेकून झोपणारे मूल मी रोज पाहतो. त्याला उठवायला जीव होत नाही, कारण रात्री घरात काय झाले ते त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेले असते. सहलीचे पैसे त्याने आणलेले नसतात. वह्या अर्ध्या असतात. सिगालोवाद सुत्तात दारूचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत : धननाश, भांडण, रोग, अपकीर्ती, निर्लज्जपणा आणि बुद्धीचा ऱ्हास. त्यातले पहिले दोन त्या मुलाच्या वाट्याला वयाच्या आठव्या वर्षीच येतात. त्याने तर पेला पाहिलाही नाही.

यावर नेहमीचे उत्तर येते : "मी नाही घेतले तर दुसरा घेईल." घेईल, हे खरे आहे. पण आपल्या वाडवडिलांनी या प्रश्नाला एकदा उत्तर दिलेले आहे. मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, असे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत सांगितले. पुढे जनावरे ओढण्याचे कामही लोकांनी सोडले. तेव्हा वर्तमानपत्रातून हिशेब मांडला गेला की, हाडे, शिंगे, कातडी यांचे एवढे उत्पन्न ही माणसे वेड्यासारखी बुडवीत आहेत. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी या हिशेबाचा समाचार घेतला. माणसाला नुसत्या लाभापेक्षा इभ्रत प्यारी असते, हा त्या उत्तराचा गाभा होता. माझ्या आजोबांनी ते काम सोडले तेव्हा त्यांच्या हाती कंपनीचा हिशेब नव्हता, फंड नव्हता. होती ती फक्त गावकऱ्यांची नाराजी. त्या घरात आज मी पहिला पदवीधर आहे. लाभाचा हिशेब बरोबर होता की इभ्रतीचा, हे आता तुम्हीच सांगा.

येथे एक भेद मात्र नीट ध्यानात घ्या. मनूने धंद्यावरून माणूस हीन ठरवला. बुद्ध धंद्याने होणारे दुःख पाहतो, माणसाला हीन ठरवीत नाही. पोटासाठी बारमध्ये टेबले पुसणारा आपल्या वस्तीतला पोरगा विहारात आला तर त्याला पुढे बसवा आणि दुसरे काम मिळवून द्या. त्याला नाक मुरडणे हा धम्म नव्हे, तो जुना रोग आहे.

"पण सरकारचाच परवाना आहे ना?" असेही विचारतात. होय, आहे. पण ज्या राज्यघटनेचे आपण नाव घेतो, तिच्या ४७ व्या अनुच्छेदात औषधाखेरीज मादक पेये बंद करण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे मार्गदर्शक तत्त्व आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदीचा कायदा आहे. परवाने त्याच कायद्याखाली दिले जातात. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. कितीतरी गावांत बायांनी मतदान करून बाटली आडवी केली. उद्या तुमच्या दुकानापुढे बाया जमल्या, तर त्यांत तुमची बहीण असेल. परवाना भिंतीवर टांगता येतो, बहिणीच्या तोंडापुढे धरता येत नाही.

मग करावे काय? उपदेशाने चूल पेटत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून थोडे व्यवहाराचे बोलतो.

हिशेब पुरा घ्या. कपातीची भरपाई कायद्याने नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराप्रमाणे धरतात. ग्रॅच्युइटी आणि फंड त्याहून वेगळे. कागद न वाचता सही करू नका.

सगळा पैसा एका जागी घालू नका. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक खाण्यापिण्यास, दोन उद्योगास आणि एक अडीअडचणीसाठी राखून ठेवावा. दारूच्या दुकानाचा परवाना दर वर्षी फी भरून पुढे चालवावा लागतो, धंदा होवो न होवो. त्यात उधारी, रात्रीची भांडणे आणि घरातल्या वाढत्या मुलांच्या डोळ्यांदेखत सारे. हा राखीव भागही त्यात गेला, तर मागे काय उरते?

हातातले कसब विका. वीस वर्षे यंत्र सांभाळणाऱ्याला मोटार दुरुस्ती, वायरिंग, नळकाम, वेल्डिंग जड नाही. ज्याला हॉटेलचीच हौस आहे त्याने दारूविना खानावळ काढावी. शाळा-कॉलेजाजवळ स्वच्छ, पोटभर जेवण देणारी खानावळ चालते. अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध कुटुंबांसाठी १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे. त्याच्या जिल्हा कार्यालयात जाऊन बीजभांडवलाची चौकशी करा. एका फेरीत काम होणार नाही. दोघे-तिघे मिळून जा.

आणि शेवटचे, कल्याणमित्र शोधा. घरातल्या बाईला विचारल्याशिवाय एक रुपयाही गुंतवू नका. तळ्याच्या मोऱ्या कोठे फुटतात हे तिला सर्वांआधी कळते. वस्तीत ज्यांची ज्यांची नोकरी गेली, त्या सर्वांनी येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात बसावे. ज्याला अर्ज लिहिता येतो त्याने लिहून द्यावा, ज्याच्या ओळखीत काम आहे त्याने सांगावे. जे आज या धंद्यात अडकले आहेत, त्यांनीही यावे. एका दिवसात बाहेर पडता येत नसेल. वर्षभरात पडण्याचा बेत सर्वांनी मिळून करावा. नोकरी गेलेल्या माणसाला रात्री बसायला जागा लागते. ती जागा बाकासमोरचा पेला होऊ द्यायची की विहारातली सतरंजी, हे तुमच्या-माझ्या हातात आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!