बापाचे देणे : मनाच्या आजारांचा वारसा आणि अपराधाचा प्रश्न

मनाचे आजार एकाच घरात पिढ्यानपिढ्या का आढळतात, या प्रश्नाला मराठी माणसाच्या बोलण्यात दोन उत्तरे तयार असतात. ‘खाण तशी माती’ हे पहिले आणि ‘पेरावे तसे उगवते’ हे दुसरे. पहिल्या म्हणीने माणसाचे भवितव्य त्याच्या घराण्याच्या स्वाधीन होते, तर दुसरीने त्याच्या दुःखाचे मूळ त्याच्याच, या नाहीतर मागल्या जन्मीच्या, कर्मात शोधले जाते. म्हणजे एकीने आजारी माणसाचे स्वातंत्र्य जाते आणि दुसरीने त्याच्या माथी अपराध येतो. परभणी जिल्ह्यात पूर्णा ते नांदेड या लोहमार्गावर असलेले चुडावा असो की मराठवाड्यातले दुसरे कोणतेही गाव असो, ज्या घरात आजोबांचे ‘कशातच मन लागत नव्हते’ आणि नातीचा ‘जीव घाबरतो’, त्या घराला या दोन्ही म्हणी एकाच वेळी लावल्या जातात, आणि त्या परस्परांच्या विरोधी आहेत हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. जे रक्तातून आले ते कर्माचे फळ कसे, आणि जे कर्माचे फळ आहे ते बापाकडून कसे आले, हा खरा धर्मविचाराचा प्रश्न आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहणे आवश्यक आहे. ज्या विकारांत मनाची मूळ वृत्तीच दीर्घकाळ खाली जाते किंवा अवाजवी चढते त्यांना भाववृत्तीचे विकार म्हणतात. त्यांत नैराश्य आणि उत्साह व विषाद यांची आवर्तने असणारा द्विध्रुवी विकार हे दोन मुख्य होत. कारण नसताना अथवा कारणाच्या मानाने फार मोठी भीती मनात ठाण मांडून बसते, छाती धडधडते, झोप उडते, तेव्हा त्या अवस्थेला चिंताविकार असे नाव आहे. जुळ्या भावंडांच्या आणि कुटुंबांच्या अभ्यासांतून असे दिसून आले आहे की नैराश्याच्या रुग्णाचे आईवडील, भावंडे व मुले यांना तो विकार होण्याचा संभव इतरांच्या मानाने सुमारे दोन ते तीन पट असतो. लोकसंख्येत या विकाराच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातील बीजाशी निगडित वाटा, ज्याला आनुवंशिकतेचे प्रमाण म्हणतात, नैराश्यात सुमारे ३७ टक्के, चिंताविकारांत साधारण ३० ते ४० टक्के आणि द्विध्रुवी विकारात त्याहून पुष्कळ अधिक, ६० टक्क्यांच्याही पुढे भरतो. नैराश्य आणि सततची चिंता यांची आनुवंशिक मुळे बरीचशी एकच आहेत, त्यामुळे बापाला एक व लेकीला दुसरे असे घडले तरी वारसा एकच असू शकतो. या साऱ्यामागे एखादेच जनुक नाही. १९८७ साली अमेरिकेतील आमिश पंथाच्या कुटुंबांत द्विध्रुवी विकाराचे स्थान एका विशिष्ट गुणसूत्रावर सापडल्याचा गाजावाजा झाला होता, पण दोनच वर्षांत, तीच कुटुंबे पुन्हा तपासल्यावर, तो दावा मागे घ्यावा लागला. आज शेकडो जनुकांचा प्रत्येकी अल्पसा वाटा मानला जातो.

‘३७ टक्के’ या आकड्याचा अर्थ मात्र हमखास चुकीचा लावला जातो. एका माणसाच्या दुःखाचा ३७ टक्के भाग बापाचा आणि उरलेला त्याचा स्वतःचा, असा तो अर्थ नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने दिलेल्या ‘परभणी मोती’ या ज्वारीचे उदाहरण घेतले तर हे शेतकऱ्याला लगेच उमगेल. एका सपाट, सारख्या ओलीच्या काळ्या रानात निरनिराळ्या जातींचे बियाणे पेरले तर कणसांतला फरक मुख्यतः बियाण्याचा ठरेल. तेच एकजात ‘परभणी मोती’ अर्धे काळ्या रानात आणि अर्धे मुरमाड माळावर पेरले तर सारा फरक जमिनीचा व पाण्याचा ठरेल. बियाणे तेच असताना त्याचा ‘वाटा’ बदलतो, कारण तो वाटा बियाण्याच्या अंगचा गुण नसून त्या रानाचे मोजमाप असतो. स्वीडनमध्ये नैराश्यग्रस्त आईवडिलांच्या मुलांचा जो अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला त्यात, एकाच आईवडिलांची पण एक घरी वाढलेले आणि दुसरे चांगल्या घरी दत्तक गेलेले अशी भावंडे ताडून पाहिली असता, दत्तक गेलेल्यांत नैराश्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी आढळले. खाण तीच असून माती बदलली, असेच याला म्हणावे लागेल.

गावातील कुटुंब मात्र या आकड्यांपर्यंत येण्याआधी दुसऱ्या वाटेने गेलेले असते. आधी ‘बाहेरचे’ पाहिले जाते, अंगारा होतो, उतारा होतो, मग कोणीतरी पत्रिका पाहून पितृदोष सांगतो आणि त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळी करण्याचा सल्ला मिळतो. यातल्या मारहाणीच्या आणि फसवणुकीच्या प्रकारांना महाराष्ट्रात २०१३ पासून कायद्याने बंदी आहे व ती योग्यच आहे. परंतु या समजुतींना लोक का धरून राहतात हे समजून घेतल्याखेरीज त्यांचा नुसता निषेध करणे अपुरे ठरेल. ‘बाहेरचे’ म्हटले की दोष आजारी माणसाकडून निघून जातो, आणि पितृदोष म्हटला की घरातल्या एकाचे दुखणे हे सगळ्या घराचे दुखणे ठरते. या दोन्ही गोष्टींत एक मोठा आधार आहे, जो डॉक्टरने उच्चारलेल्या ‘आनुवंशिक’ या कोरड्या शब्दात मिळत नाही. तो शब्द ऐकणाऱ्याला दैवाचेच दुसरे नाव वाटतो, आणि दैवाला निदान शांती तरी असते, जनुकाला तीही नाही.

येथे परंपरेतच दडलेले एक शहाणपण विसरले गेले आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात असा प्रश्न उभा केला आहे की माणसापासून माणूस जन्मतो तर अंध, मुके, कुबडे, उन्मत्त अशा आईबापांची मुले त्यांच्यासारखीच का होत नाहीत. आणि उत्तर असे दिले आहे की बीजातील ज्या अवयवाचा भाग दूषित असेल तोच अवयव संततीत बिघडतो, तो भाग दूषित नसेल तर बिघडत नाही. म्हणजे वारसा हा संभव आहे, अटळ निवाडा नाही, ही गोष्ट त्या ग्रंथाला ठाऊक होती. निदानस्थानात उन्मादाची चर्चा करताना तोच ग्रंथ सांगतो की देव, गंधर्व, पिशाच किंवा राक्षस हे कोणाला उगाच पीडत नाहीत, म्हणून शहाण्याने देवांना वा पितरांना दोष देऊ नये. मात्र त्यापुढे चरक या आजाराचे मूळ प्रज्ञापराधात, म्हणजे बुद्धीच्या चुकीतून घडलेल्या कर्मात, नेऊन ठेवतो, आणि पितर सुटले तरी रुग्ण पुन्हा आरोपीच्या जागी उभा राहतो. एवढ्या मुद्द्यावर चरकाशी असहमत होणे भाग आहे.

त्या मुद्द्यावर बुद्धाचे उत्तर अधिक माणुसकीचे आहे. संयुत्त निकायात सीवक नावाच्या परिव्राजकाने विचारले आहे की माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच, असे म्हणणाऱ्यांविषयी आपले काय मत आहे. त्यावर बुद्धाने पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतूतला बदल, विषम आहारविहार, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे सांगून, सर्वच वेदना पूर्वकर्माने होतात असे मानणारे लोक प्रत्यक्ष अनुभवाची मर्यादा ओलांडतात, असा निर्वाळा दिला आहे. आठांपैकी कर्म हे एक कारण, आणि तेही शेवटचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हाच धागा पुढे नेला: मूल आपले गुण आईवडिलांकडून घेते असे विज्ञान सांगत असताना, देह तेवढा आईबापांचा आणि बाकी सारे त्याच जीवाच्या गतजन्मीचे, हा सिद्धांत टिकत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आरंभी ज्या दोन म्हणींतला विरोध दाखवला तो त्यांनी नेमका हेरला होता.

वारसा मान्य करायचा आणि अपराध नाकारायचा, ही भूमिका नवी किंवा परकी वाटण्याचे कारण नाही, कारण धर्मशास्त्राने ती ऋणाच्या बाबतीत फार पूर्वीच घेतली होती. बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धार्मिक कर्तव्य मानले गेले, परंतु याज्ञवल्क्यस्मृतीनेच सांगून ठेवले की दारू, कामवासना व जुगार यांसाठी काढलेले, दंडाचे वा शुल्काचे राहिलेले आणि व्यर्थ दानाचे देणे मुलाने देऊ नये. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाला असलेल्या विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरा’ टीकेने ही स्मृती मराठी मुलखातही प्रमाण झाली. म्हणजे बापाचे सारे काही मुलाच्या अंगावर येत नाही, काय यावे व काय येऊ नये याचा विवेक करावा लागतो, हे तत्त्व जुनेच आहे. पुढे हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने, ९ सप्टेंबर २००५ पासून, केवळ धार्मिक कर्तव्य म्हणून बापाचे नवे कर्ज मुलाकडून वसूल करण्याची वाटच बंद झाली. कर्जाचा भार ज्या जिल्ह्यांना पुरता ठाऊक आहे त्यांना या तरतुदीचे मोल सांगण्याची गरज नाही. सावकाराला जे मागता येत नाही ते समाज मात्र अजून मागतो आहे: बापाच्या नैराश्याचे देणे लेकीच्या सोयरिकीत वसूल केले जाते. पाहुणे मुलीला पाहून जातात आणि मग गावात ‘घराण्यात काही आहे का’ अशी चौकशी होते. १९५५ चा हिंदू विवाह कायदा फक्त वधूवरांच्या स्वतःच्या मानसिक अवस्थेविषयी अट घालतो, त्यांच्या आजोबांविषयी नाही. चौकशीच्या या भीतीनेच घरे आजार लपवतात, लपवलेल्या आजाराला औषध मिळत नाही, आणि औषधाविना वाढलेला आजार पाहून लोक पुन्हा ‘खाण तशी माती’ म्हणतात.

मग वारशाने कोणते कर्तव्य येते? या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर अमेरिकेतल्या मायर्ना वाइसमन यांच्या २००६ सालच्या अभ्यासात आहे. नैराश्याच्या उपचारांखाली असलेल्या माता व त्यांची मुले अशा १५१ जोड्या त्यात होत्या; मुलांवर त्या अभ्यासात कोणताच उपचार केला नव्हता. ज्या मातांचा आजार तीन महिन्यांत ओसरला त्यांच्या मुलांतील विकारांचे प्रमाण ११ टक्क्यांनी घटले, आणि ज्यांचा ओसरला नाही त्यांच्या मुलांत ते ८ टक्क्यांनी वाढले. आईचे औषध लेकराला लागू पडले. पितरांची शांती करण्यासाठी पैसा जमवणाऱ्या घराने ही गोष्ट मनावर घ्यावी, कारण शांतीची गरज असलेले वडीलधारे पुष्कळदा याच घरात, याच ओसरीवर, जिवंत बसलेले असतात, आणि त्यांच्यासाठी केलेला उपचार हाच पुढच्या पिढीसाठी केलेला विधी असतो.

असे उपचार चुडाव्यासारख्या गावापासून फार काळ दूरच राहिले; पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथील राज्याची चारही जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये मराठवाड्याबाहेर आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातही देशभरात बहुतेक मनोविकारांच्या ७० टक्क्यांहून अधिक रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे दिसले. त्याच सुमारास शेतकरी कुटुंबांसाठी सुरू झालेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात परभणीसह मराठवाड्याचे जिल्हे घेतले गेले आणि घरोघरी जाऊन मनाची विचारपूस करण्याचे काम आशाताईंकडे आले. दार वाजवणाऱ्या आशाताईला घरातल्यांनी आजोबांचेही सांगावे आणि नातीचेही सांगावे. आणि जे तिलाही सांगवत नाही त्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही निःशुल्क दूरध्वनीसेवा आहे, ती रात्रंदिवस चालू असते आणि तेथे मराठीतून बोलता येते.