जमेल तसं

काल संध्याकाळी आमच्या घरात एक छोटा खटला चालला. तुळस मान टाकून उभी होती. धाकट्याला विचारलं, "अरे, सकाळी 'झाडांकडे मी बघतो' म्हणाला होतास ना?" तो शांतपणे म्हणाला, "बघतो म्हणालो होतो. बघितलं की! पाणी घालतो असं कुठे म्हणालो?" सगळे हसले. मीही हसले. पाणी मात्र त्याला घालायला लावलं.

असाच, पण पुष्कळ मोठा खटला अमेरिकेत चालला. तिथल्या राज्यघटनेत 1868 साली चौदावी दुरुस्ती झाली. यादवी युद्ध संपून तीनच वर्षं झाली होती. राज्यघटनेला पाठिंबा देण्याची शपथ घेऊन नंतर तिच्याविरुद्ध बंड केलेल्याला पुन्हा अधिकारपद नाही, असं तिच्यातलं एक कलम सांगतं. 2023 मध्ये कोलोरॅडो राज्यात डोनाल्ड ट्रम्प यांच्याविरुद्ध या कलमाचा आधार घेतला गेला. त्यांच्या वकिलांनी बंडाचा आरोप तर नाकारलाच, शिवाय एक मुद्दा शब्दाचा काढला: अध्यक्षाच्या शपथेत 'पाठिंबा' हा शब्दच नाही. आणि तो खरोखरच नाही! मूळ इंग्रजीत ती शपथ जेमतेम 35 शब्दांची. तिच्यात जतन आहे, रक्षण आहे, बचाव आहे. 'पाठिंबा' आहे तो इतर अधिकाऱ्यांच्या शपथेत. जिल्हा न्यायालयाला या मुद्द्यात तथ्य वाटलं, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताला वाटलं नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं 4 मार्च 2024 रोजी एकमतानं ट्रम्प यांच्या बाजूनं निकाल दिला, पण वेगळ्याच कारणानं. देशपातळीवरच्या पदासाठी एखाद्या राज्यानं हे कलम परस्पर लावायचं नाही, असं न्यायालय म्हणालं. शब्दाचा प्रश्न तसाच राहिला. कायद्यातलं कायदेवाले जाणोत. मला विचाराल, तर रक्षणाच्या वचनात पाठिंबा आलाच. घर राखायला ठेवलेला माणूस भिंत कलताना पाहून "टेकू लावायचं कुठे ठरलं होतं?" असं म्हणत नाही.

त्या शपथेतली मला आवडणारी जागा वेगळीच आहे. हे सगळं मी माझ्या कुवतीप्रमाणे करीन, असं अध्यक्ष म्हणतो. आपल्या राष्ट्रपतींच्या शपथेतही याच अर्थाचे शब्द आहेत. ऐकायला हे आपल्या 'जमेल तसं'सारखंच वाटतं, नाही का? पण आपण ते कधी म्हणतो? "रविवारी येतेस ना?" "जमेल तसं येते." म्हणजे वाट बघू नकोस. सुटायची खिडकी आपण बोलता बोलताच उघडून ठेवतो. शपथेत मात्र त्याचा अर्थ नेमका उलटा. जेवढं जमण्यासारखं आहे तेवढं सगळं, हातचं काही न राखता.

कॅल्विन कूलिज यांची गोष्ट इथे आठवते. 3 ऑगस्ट 1923. पहाटेचे पावणेतीन. ते उपाध्यक्ष होते आणि व्हर्माँट राज्यातल्या एका खेड्यात वडिलांच्या घरी सुटीवर आले होते. अध्यक्ष हार्डिंग वारल्याची बातमी आली. घरात वीज नव्हती. वडील नोटरी होते, म्हणून रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात त्यांनीच मुलाला अध्यक्षपदाची शपथ दिली. (एवढं झाल्यावर कूलिज पुन्हा झोपायला गेले, हे मला फार आवडतं.) पुढे शंका निघाली की राज्याच्या नोटरीनं दिलेली ही शपथ चालते का? कूलिज यांनी वाद घातला नाही. त्याच महिन्यात वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात, गाजावाजा न करता, न्यायाधीशांसमोर त्यांनी तीच शपथ पुन्हा घेतली. शब्दात फट दिसली, ती त्यांनी बुजवली. आपल्याला रोज एवढी मोठी शपथ घ्यायची नसते. "बघतो", "करते", "सांगून ठेवतो" एवढंच आपण म्हणतो. आज दिवसभरात असं काही तोंडून गेलं, तर समोरच्यानं त्याचा काय अर्थ धरला असेल, तो आपणही धरून बघू या. मी सकाळीच बहिणीला फोन केला. गेल्या आठवड्यात तिला "जमेल तसं येते" म्हणाले होते. रविवारी नऊच्या एसटीनं निघते, असं आज सांगून टाकलं.