पेल्याचा रंग आणि नदीचें ऋण

उल्हासनगरांतील एका स्नेह्यांच्या घरीं परवां हातानें घडविलेला मातीचा एक पेला आमच्या पाहण्यांत आला. तळाशीं विटकरी तांबूस रंग, वर निळसर हिरवी झिलई, आणि मध्यें दोन्ही एकमेकांत विरघळलेले. जांभूळ गांवाजवळील उल्हास नदीचें आश्विनांतलें रूप मनांत धरून करणारानें तो घडविला, असें आम्हांस सांगण्यांत आलें. पेला सुंदर होता यांत शंका नाहीं. परंतु तो हातीं घेतांना मनांत एक प्रश्न उभा राहिला: निसर्गाचा रंग जो आपल्या भांड्यावर उतरवून घेतो, तो निसर्गाचें कांहीं देणें लागतो काय?

कोणी म्हणेल, हें तर केवळ अनुकरण. अनुकरणांत ऋण कसलें? परंतु कुंभाराची गोष्ट चित्रकाराहून निराळी आहे. त्याचा रंग अखेर भट्टींत निपजतो. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वींचा थिजलेला लाव्हारस. त्यांत लोह आहे. ऊनपावसानें तो पाषाण झिजला, म्हणजे तेंच लोह गंजून उतारावरची माती तांबडी करितें. कुंभाराच्या आव्यांत हवा मोकळी खेळली, तर तेंच लोह मडकें लाल करितें. धूर कोंडला, तर तेंच मडकें काळें निघतें. झिलईंतलें तांबेंही असेंच. हवा मिळाली तर हिरवें, न मिळाली तर रक्तासारखें लाल. डोंगरानें युगानुयुगें जें केलें, तें कुंभार एका रात्रींत अग्नीकडून करवून घेतो. तेव्हां भांडें हें डोंगराचें चित्र नव्हे, त्याचें आप्त होय.

हें नातें जुनें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखालीं झिलईचीं भांडीं होत. त्यांवर सिंधी कुंभारांच्या कामाची आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचीही छाप होती. त्या अजिंठ्याच्या चित्रकारांनीं तरी काय केलें? तांबडी काव, पिवळी माती, हिरवी माती, हे सारे पृथ्वीचेच रंग त्यांनीं भिंतीस लाविले.

परंतु आप्तपणा म्हटला कीं कर्तव्य आलें. आमची उल्हास सह्याद्रींत उगम पावून कर्जत व बदलापूर यांवरून खालीं येते. उन्हाळ्यांत तिच्या पात्रावर जलपर्णी पसरते. दुरून पाहणाराचें मन त्या हिरव्या गालिच्यानें मोहून जावें. पण ती हिरवळ आमच्या सांडपाण्यावर पोसलेली असते, आणि तिच्याखालीं पाण्यांतला प्राणवायु घटत जातो. उद्यां एखाद्यानें तोच हिरवा रंग पेल्यावर उतरविला, तर रंग खरा असेल, कौशल्यही खरें असेल. उणें असेल तें पाहणें. रोग्याच्या गालावरील तापाची लाली आरोग्याची म्हणून वाखाणावी, तसें तें होईल.

यावर असा आक्षेप येईल कीं, कलावंतानें रंग पाहावा, नदीची सफाई नगरपालिकेनें पाहावी. या म्हणण्यांत तथ्य आहे. सारा भार एकट्या कुंभाराच्या खांद्यावर टाकणें आम्हांस अन्याय्य वाटतें. तथापि त्याच्याच धंद्यांतील एक रीत येथें घेण्याजोगी आहे. मडकें पारखावयाचें तें नुसत्या रंगावरून नव्हे; बोटानें टिचकी मारून त्याचा नाद ऐकावयाचा. तडा डोळ्यास दिसत नाहीं, तो कानास कळतो. ज्या निसर्गाच्या रंगांवर आपण लुब्ध होतों, त्यासही अशी एक टिचकी मारून पाहावी, एवढेंच आमचें मागणें आहे. आणि तें घडविणारापेक्षां विकत घेणारांकडे अधिक आहे.

निघतांना स्नेह्यांनीं त्याच पेल्यांत आम्हांस पाणी दिलें. जांभूळ येथें शुद्ध होऊन त्या शहरास येणारें तें पाणी. बाहेर नदीचा रंग आणि आंत नदी! पेला रिकामा करून आम्हीं तो मोरींत विसळला. तें विसळलेलें पाणी पुढें कोठें गेलें, हें मात्र आमच्यांपैकीं कोणासच सांगतां आलें नाहीं.